तिचीच कातडी, तिचंच रक्त

लवंगीच्या मागच्या उजव्या पायाला दिवाळीनंतर जखम झाली आणि पौष सरत आला तरी ती भरायचं नाव घेईना.

लवंगी म्हणजे म्हस्कूची घोडी. अंगानं बारकी, रंगानं तांबडी आणि स्वभावानं तिखट, म्हणून घरच्यांनी तिला हे नाव दिलं होतं. पाबळच्या अलीकडच्या माळावर म्हस्कूची वस्ती होती. पत्र्याच्या दोन खोल्या, गोठा, विहीर आणि विहिरीच्या जिवावर येणारा कांदा. बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढं घोडी पळवतात. ती जेवढी जोरात निघेल तेवढे मागचे बैल इरेला पेटून धावतात. आसपासच्या यात्रांत लवंगीला मागणी असायची. तिच्यावर बसायची ती म्हस्कूची पोरगी मोनिका. नववीत असल्यापासून ती घाटात उतरत होती आणि आता शिरूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती.

दिवस मावळताना शेजारच्या उसात बिबट्या गुरगुरला, एवढंच निमित्त झालं. लवंगीनं दावं तोडलं आणि ती थेट डाळिंबाच्या बागेच्या काटेरी तारेत घुसली. गुडघ्याखाली पुढच्या अंगाला, नळीवरची कातडी पायमोज्यासारखी सोलून खाली आली. टाके घातले ते आठवड्यात उसवले. मग म्हस्कूनं हळद भरली, चुना लावला, कुणीतरी सांगितलं म्हणून मोरचूद टाकून जखम जाळली. पण खालून लालभडक मांस उकळत्या दुधासारखं वर यायचं आणि कडेची कातडी जिथल्या तिथं थांबलेली. माश्या बसायच्या. घोडी पाय आपटायची. पाय आपटला की रक्त.

म्हस्कूला मुळातच एका जागी बसवत नसे. बापाच्या मेंढरांमागं त्याचं पोरपण चालण्यातच गेलं होतं. मेंढरं विकून शेती धरली त्यालाही बरीच वर्षं झाली, पण अजून तो भाकरी उभ्यानं खायचा आणि चहाचा कप हातात घेऊन अंगणभर फिरायचा. जखम झाल्यापासून तर त्याच्या पायाला भिंगरीच लागली. गोठ्यात जायचं, फडकं उचलून बघायचं, बाहेर यायचं, पुन्हा आत जायचं.

"बघून बघून भरती व्हय जखम?" त्याची बायको गिताबाई म्हणायची.

"मग काय करू? हातावर हात ठिवून बसू?"

"बसा की. जमतंय का बघा येकदा."

वरवंडला दिलेली थोरली बहीण धुरपदा संक्रांतीला आली, तिनं जखम बघितली आणि नाकाला पदर लावला. "म्हस्कू, आमच्याकडं एक डॉक्टरीण हाय. अनिता नाव तिचं. माझी गाय तिनंच वाचवली. शिकताना घोड्यांच्या दवाखान्यात व्हती म्हणं. बोलावू का?"

"एवढ्या लांब कशाला यील ती?"

"घोडी म्हणल्यावर यील. गाया बघून कंटाळलीय."

आणि ती आली. तिशीची, जीन्सवर ढगळ शर्ट, केस घट्ट बांधलेले. आल्या आल्या चहा नको म्हणाली आणि गोठ्यात जाऊन जखमेपुढं उकिडवी बसली. म्हस्कू तिच्यामागं येरझारा घालत राहिला.

"मोरचूद कुणी लावलं?"

"म्याच."

"आता काही लावू नका मामा. पाण्याशिवाय काही नको." ती उठली. "हे वर आलंय ना, याला दुर्मांस म्हणतात. घोड्याच्या पायाला हे फार होतं. कडेच्या कातडीला आत सरकायचंय, पण मध्ये हा डोंगर. तो छाटला तरी एवढी मोठी जागा कडेनं भरत यायला वर्ष जाईल, आणि कदाचित भरणारच नाही. कातडी लावावी लागेल."

"कुणाची?" गिताबाईनं दारातून विचारलं.

"तिचीच. मानेवर आयाळीखालून छोटे छोटे तुकडे काढायचे आणि इथं रोवायचे. तुम्ही कांद्याची रोपं लावता तसे. ओळीनं. जगले तर प्रत्येकातून कातडी पसरत जाते आणि एकमेकांना मिळते."

"आन् न्हाई जगलं तर?"

"पायावर जगायला कठीणच असतं. म्हणून अजून एक करणार आहे. तिचंच थोडं रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं. रक्तात जखम भरून काढणारे बारीक कण असतात, आपल्याला कापलं की रक्त थिजवतात ते. ते एका ठिकाणी गोळा करायचे, त्याची जेली होते. ती तुकड्यांखाली आणि वरून लावायची. तुकडे धरून राहतात, खालून लवकर रुजतात."

गिताबाईनं कपाळाला हात लावला. "आधीच एवढं रगत गेलंय तिचं. त्यात आनखी काढायचं?"

"मावशी, तिच्या अंगात बादल्या भरून रक्त आहे. आपण पेलाभरही घेणार नाही."

"फायदा व्हतोच का पर?" मोनिकानं विचारलं. ती आतापर्यंत लवंगीचं तोंड धरून उभी होती.

अनितानं तिच्याकडं नीट बघितलं. "काही ठिकाणी झालाय. काही ठिकाणी फरक पडला नाही. नुकसान होत नाही, एवढं छातीवर हात ठेवून सांगते."

म्हस्कूनं हो म्हणायला वेळ घेतला नाही. काहीतरी करायचं होतं, एवढ्यावरच त्याचा जीव हलका झाला होता. अनितानं त्याच दिवशी घोडीला गुंगी देऊन दुर्मांस छाटलं. रक्ताची धार लागली, पण घोडीनं कान हलवला नाही. त्या मांसाला जाणीव नसते असं अनिता म्हणाली. तिनं पट्टी आवळली आणि दोन दिवसांनी यायचं कबूल केलं. जाताना एकच विचारलं, "इथं जवळ लॅब कुठं आहे? माझ्याकडं मशीन नाहीये."

पाबळच्या पेठेत सतीशची लॅब होती. ठरल्या दिवशी सकाळी अनितानं लवंगीच्या मानेच्या शिरेतून रक्त काढलं. काचेच्या नळ्या भरल्या, हलक्या हातानं उलट्यासुलट्या केल्या आणि एका डब्यात घालून म्हस्कूच्या मांडीवर दिल्या. गाडीतून पेठेत जाईपर्यंत म्हस्कूनं डबा पुन्हा पुन्हा उघडून बघितला. रक्त त्याच्या डोळ्यांदेखत बदलत होतं. लाल खाली बसत चाललेलं आणि वर हळदीच्या पाण्यासारखं पिवळं.

"अवो म्याडम, हे नासलं!"

"नासलं नाही मामा. घोड्याचं रक्त असंच असतं. आपल्यापेक्षा लवकर खाली बसतं. डबा हलवू नका फक्त."

लॅबमध्ये बाकावर पेशंट बसले होते. सतीशनं नळ्या घेतल्या आणि सवयीनं पेन उचललं. "पेशंटचं नाव?"

"लवंगी," म्हस्कू म्हणाला.

"वय?"

"आठ-नऊ आसंल."

"लहान मुलीचं एवढं रक्त कुणी काढलं? काय टेस्ट करायच्या?"

"घोडी आहे," अनिता म्हणाली. "टेस्ट नाही करायची. तुमचं सेंट्रिफ्यूज हवंय थोडा वेळ. आधी हळू फिरवायचं, मग वरचं पिवळं काढून पुन्हा जोरात."

सतीशनं नळ्या हळूच परत टेबलावर ठेवल्या. "म्याडम, इथं माणसांची तपासणी व्हती. जनावराचं रक्त माझ्या मशीनमधी फिरवलं हे गावात कळलं तर उद्या कोण येईल माझ्याकडं?"

"नळ्या बंद आहेत. नंतर मशीन मी स्वतः पुसून देते."

"तरी पण..."

बाकावर हाताला कापूस धरून एक म्हातारा बसला होता, ज्ञानदेव आप्पा. त्यानं मान पुढं काढली. "कुणाची घोडी म्हनलात? म्हस्कूची? घाटातली लवंगी?"

"व्हय आप्पा."

"आरं मग फिरीव की लेका!" आप्पा सतीशवर गरजला. "गेल्या चैतात तिच्यामागं आमचे बैल असे सुटले व्हते की पार घाट संपून पुढच्या रानात गेले. माझी साखर नंतर बघ. काय पळून चाललीय का ती?"

बाकावरचे हसले. सतीशही हसला आणि त्यानं मशीनचं झाकण उघडलं.

मशीन गुणगुणत होतं तेवढा वेळ म्हस्कू लॅबच्या दारातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून दारात करत राहिला. शेवटी अनितानं त्याला नळीच्या बुडाशी उरलेला पिवळसर घोट दाखवला. एवढ्या रक्ताचं एवढंसं. त्याला ते कमी वाटलं.

गोठ्यात लवंगी गुंगीनं खालमानेनं उभी होती, ओठ लोंबत होता. आयाळीखालची जागा भादरून, बधिर करून अनितानं बारक्या गोल पात्यानं कातडीचे तुकडे काढले, तुरीच्या दाण्याएवढे. पिवळ्या पाण्यात तिनं औषधाचे थेंब टाकले आणि हलवून ठेवलं. बघता बघता पाण्याची चिकट खळ झाली. मग लाल मांसात एकेक भोक पाडून, त्यात खळ सोडून, ती तुकडा बसवत गेली. मोनिका चिमट्यानं तुकडे देत होती. गिताबाई घोडीच्या कपाळावर हात ठेवून उभी होती. म्हस्कूला कंदील धरल्यासारखी बॅटरी धरायला दिली होती, पण उजेड सारखा हलायला लागला तेव्हा अनितानं ती बॅटरी खिळ्याला टांगली.

पट्टी बांधून झाल्यावर तिनं सगळ्यांना समोर घेतलं. "आता खरं काम तुमचं. आठवडाभर पट्टीला हात लावायचा नाही. घोडी गोठ्याबाहेर काढायची नाही. ती हलली की आतले तुकडे सरकणार, सरकले की मरणार. आणि हरभरा बंद. कडबा आणि गवत फक्त. अंगात मस्ती नको."

लवंगीला पुढून-मागून अगाडी-पिछाडी बांधली. पहिला दिवस गुंगीत गेला. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली आणि सगळ्या गोठ्याला ते कळलं. तिनं गव्हाण चावली. पुढच्या टापेनं जमीन उकरून खड्डा पाडला. अंग डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं झुलवत राहिली. म्हस्कू तिला समजवायला आत जाई, गळ्यावर थापटी मारी. तो आत असेपर्यंत ती कान टवकारून उभी राही, आणि तो वळला की त्याच्यामागं निघायला दाव्याला हिसका देई. तो बाहेर गेला की खिंकाळी. खिंकाळी ऐकली की म्हस्कू परत आत.

तिसऱ्या दिवशी गिताबाईनं त्याला धरलं. तो ओंजळीत भिजवलेला हरभरा घेऊन घोडीच्या तोंडाशी उभा होता.

"अवो, डॉक्टरीण काय म्हनली व्हती?"

"वायच दिला. उपाशी वाटती ती."

"कवापासनं देताय?"

म्हस्कूनं ओंजळ मागं घेतली.

"रोज देताय म्हंजी." गिताबाईनं त्याच्या हातातला हरभरा पदरात ओतून घेतला. ती रागावली नव्हती, आणि म्हणूनच तिचं बोलणं त्याला लागलं. "ऐका माझं. तुमच्या पावलाचा आवाज आला की ती दावं वढती. तिला वाटतं, आता भाईर निघायचं. जल्मभर तुमी आला की ती निघालीय. तुमची चुळबूळ बघून तिची चुळबूळ व्हती. तुमी वरवंडला आक्काकडं जावा. पट्टी सोडायच्या दिवशी या."

"माझ्या घोडीपासनं मला हाकलती?"

"आप्पा, आई खरं बोलती," मोनिका बापाला म्हणाली. "मी कॉलेजला न्हाई जात आठवडाभर. मी हाय ना."

म्हस्कूनं पिशवी भरली नाही, टोपी तेवढी उचलली. शिक्रापूरला एक गाडी बदलली, चौफुल्याला दुसरी, आणि दुपारी तो धुरपदाच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

वरवंडला त्याला काही कामच नव्हतं. समोर सोलापूर रस्ता, दिवसरात्र ट्रकांची घरघर. तो सकाळी उठून उसाच्या कडेनं लांबवर चालून यायचा, परत आल्यावर मोनिकाला फोन. "काय करती?" "उभी हाय." "झुलती का?" "कमी झालंय आप्पा." त्याला ते ऐकून बरं वाटायचं आणि वाईटही.

दोन दिवसांनी धुरपदानं अनितालाच हाक मारली. "ह्याला तुझ्यासंगं घिऊन जा बाई. माझ्या अंगणाची माती झिजली."

म्हणून म्हस्कू डॉक्टरणीच्या गाडीतून दौंड तालुका फिरला. कुठं गाय अडलेली, कुठं म्हशीचा सड फाटलेला. तो जनावर धरायचा. हे त्याला जमायचं. अडलेल्या गाईजवळ तो घटकाभर गुडघ्यावर बसून राहिला, तेव्हा अनितानं त्याच्याकडं नवलानं बघितलं. गाडीत मात्र पुन्हा त्याचा पाय हलायला लागायचा, आणि तेच प्रश्न. आत काय झालं असेल? रुजलं असेल का? किती रुजतं?

केडगावकडून चौफुल्याला येताना त्यानं विचारलं, "तुमी आशा घोड्या किती केल्या म्याडम?"

अनितानं पुढच्या उसाच्या ट्रॉलीला वाट दिली. मग म्हणाली, "शिकताना दोन. सर शेजारी उभे असायचे. एकीचं चांगलं झालं, एकीचं सगळं सुटून आलं. एकटीनं हे पहिल्यांदाच केलंय मामा. मलाही झोप लागत नाहीये."

म्हस्कूचा पाय हलायचा थांबला.

"हे आधी सांगायचं व्हतं."

"हो. सांगायला हवं होतं. वाटलं, तुम्ही नाही म्हणाल. आणि नाही म्हणाला असता तर ती जखम तशीच राहिली असती."

"ते माझं मी ठरीवलं असतं. घोडी माझी हाय. गाडी थांबवा."

"मामा, असं रस्त्यात..."

"थांबवा म्हनलं."

गाडी थांबली. तो उतरला आणि मागं न बघता उत्तरेकडच्या रस्त्याला लागला. आपण कुठं चाललोय हे त्यानं ठरवलं नव्हतं. पाय गावाकडं निघाले होते. उन्हं चढली होती. ट्रॉल्या अंगाला घासून जात होत्या. डोक्यात एकच घोळत होतं. पोरीएवढी बाई, तिनं आपल्या घोडीवर हात बसवून घेतला. मग त्याला मोरचूद आठवलं. ते टाकताना त्यानं तरी कुणाला विचारलं होतं? त्यानंही ते पहिल्यांदाच टाकलं होतं. घोडी किंचाळली होती आणि तो म्हणाला होता, जळतंय म्हंजी गुण येतोय. तरी राग जाईना. तो चालत राहिला.

पारगावचा भीमेवरचा पूल समोर दिसत होता तेव्हा फोन वाजला. मोनिका रडत नव्हती, पण आवाज चढला होता. "आप्पा, पट्टी खाली सरकलीय. मी पाणी आणाया गेले तवर तिनं पाय घासला. वरचं उघडं पडलंय. हात लावू का नको? म्याडमचा फोन लागंना."

"हात लावू नगं. तिच्या तोंडाला धरून उभी ऱ्हा. आलोच."

आलोच म्हणाला, पण येणार कसा? तो पुलाच्या तोंडाशी उभा राहिला. मग त्यानं अनिताला फोन लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा लागला.

"म्याडम, पट्टी सरकली."

"तुम्ही कुठं आहात?"

"पारगावच्या पुलाला."

"तिथंच उभे राहा," ती म्हणाली, आणि खरोखरच तिची गाडी इतक्या लवकर आली, की ती वरवंडला गेलीच नसणार, मागंच कुठंतरी थांबली असणार, हे त्याच्या लक्षात आलं. तो बसला. न्हावरे गेलं, तळेगाव गेलं. शिक्रापूरच्या चौकात कंपन्यांच्या बसेसमध्ये गाडी अडकली तेव्हा तो म्हणाला, "मी हरभरा चारला व्हता. तीन दिवस."

अनितानं स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "बरं," म्हणाली. एवढंच.

गोठ्यात मोनिका घोडीच्या नाकाला नाक लावून उभी होती. अनितानं सरकलेली पट्टी मीठपाण्यानं भिजवून भिजवून, चिकटलेला कापूस एकेक धागा सोडवत काढला. म्हस्कू दाराबाहेरच थांबला. आत गेलो तर घोडी हलेल म्हणून त्यानं चौकट घट्ट धरून ठेवली.

"खालच्या ओळी गेल्या," आतून अनिताचा आवाज आला. कापसाबरोबर बारके काळपट दाणे निघून आले होते. "पण वरचे धरून आहेत. मोनिका, बघ, हलवून बघितलं तरी सुटत नाहीत."

नवी पट्टी बांधून ती गेली, आणि यावेळी म्हस्कू स्वतःहून गोठ्यापासून लांब, विहिरीवर राहिला. कांद्याला पाणी धरलं. गोठ्याकडं जायची हुक्की आली की बांधावरून दुसऱ्या टोकाला चालत जायचा.

पुढच्या खेपेला पट्टी सोडली तेव्हा उरलेले तुकडे काळेठिक्कर पडले होते. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांची काळी टोपणं गळून पडली आणि खाली नुसतं लाल मांस दिसलं. म्हस्कू मटकन दगडावर बसला.

"समदं मेलं की ओ."

"वरचं साल गेलंय," अनिता म्हणाली. "असं होतं. खालचा थर जिवंत असला तर त्यातून परत येईल."

"असला तर?"

"असला तर. मला आत दिसत नाही मामा. थांबावं लागेल."

ती खोटा धीर देत नव्हती, हे त्याला कळलं. पारगावच्या पुलाच्या त्या दिवसापासून त्याला तिचं हेच बोलणं बरं वाटायला लागलं होतं. पण थांबणं सोपं झालं नाही. तो हातातली भाकरी अर्धी टाकायचा. रात्री अंथरुणावर नुसता कूस बदलायचा. गिताबाई त्याला काही म्हणेनाशी झाली.

आणि तिलाच ते पहिल्यांदा दिसलं. माघातल्या एका सकाळी पट्टी बदलताना ती म्हणाली, "मोने, हे काय गं? खडूनं काढल्यावानी?" लाल मांसावर फिकट गुलाबी कडी उमटली होती. बारकी, बांगडीच्या तुकड्याएवढी. इथं एक, तिथं दोन. मोनिकानं फोटो काढून अनिताला पाठवला. उलट फोन आला तो सरळ म्हस्कूला. अनिता काही बोलायच्या आधी नुसती हसत होती.

कडी पसरत गेली. फाल्गुनात ती एकमेकांना भिडली. वरची जागा पातळ, राखाडी, चकचकीत कातडीनं मिटली, मध्ये मध्ये केसांचे तांबडे झुबके. खालची जागा, जिथले तुकडे गेले होते, ती मात्र शेवटपर्यंत रेंगाळली आणि कडेनं भरून आली तेव्हा तिथं आवळलेला कडक व्रण राहिला.

"रक्तानं झालं का हे?" म्हस्कूनं विचारलं.

"रक्तानं झालं, की पट्टीनं, की तुम्ही विहिरीवर राहिलात त्यानं, एका घोडीवरून नाही सांगता येत," अनिता म्हणाली. मग तिनं पायावर अंगठा फिरवला. "पण घाटात नाही पळवायचं मामा. कधीच. ही कातडी पातळ आहे. ढेकूळ लागलं, दोरी लागली, की फाटेल. आणि दुसऱ्यांदा मी हमी देणार नाही. पहिल्यांदाही दिली नव्हती."

"मग हिचं करू काय?"

"चालवा. रोज थोडं थोडं. चालणं चांगलं आहे तिला."

चैत्रात गावची यात्रा आली. बैलवाले हौसराव मोनिकाला विचारायला आले. त्यांनी नवी पांढरी घोडी घेतली होती, बसायला माणूस नव्हतं. मोनिकानं बापाकडं बघितलं. म्हस्कू खाटेवरून उठला, अंगणाच्या टोकापर्यंत गेला, परत आला.

"तोंडाची हलकी हाय का बघून घी आधी," तो म्हणाला. "लगाम वढू नगं तिचा."

यात्रेच्या सकाळी गिताबाईही घाटाकडं गेली. म्हस्कू मागं राहिला. ऊन तापायच्या आत वाऱ्यावर लाऊडस्पीकर ऐकू आला आणि त्यात, बैल सुटले की निवेदक देतो ती लांबवलेली भिर्रर्र. लवंगीचे कान उभे राहिले. ती गोठ्यात गोल फिरायला लागली. नाकपुड्या फुगल्या, अंगाला घाम सुटला. पुन्हा भिर्रर्र आली तशी तिनं मागचे पाय झाडले.

म्हस्कूनं तिला सोडलं आणि दाव्यानं धरून बाहेर काढली. घाट उगवतीला होता, तो मावळतीला वळला. कांद्याच्या काढलेल्या वाफ्यांमधून, ओढ्याच्या कोरड्या वाळूतून, माळाच्या चढाला. ती मान वळवून मागं बघायची, हिसका द्यायची, तो नुसता चालत राहायचा. चढावर थांबून त्यानं तिचा पाय बघितला. खालच्या व्रणाला केसाएवढी चीर गेली होती आणि त्यात रक्ताचा एक थेंब होता.

त्यानं फोन लावला.

"किती रक्त आहे?" अनितानं विचारलं.

"येक थेंब."

"वरच्या भागाला काय?"

"कायबी न्हाई. वरचं धड हाय."

"मग ठीक आहे. स्वच्छ पुसा आणि हळूहळू घरी घेऊन जा."

"घरी नगं म्याडम. तिकडं आवाज येतोय. तिचा जीव राहत न्हाई."

"मग चाला. पण सावकाश. खडक टाळा."

त्यानं टोपीच्या आतल्या बाजूनं थेंब पुसला, बोट टेकवून बघितलं. पुन्हा आला नाही. तेवढ्यात मोनिकाचा फोन आला, मागं ढोल आणि आरडाओरडा. "आप्पा! हौसरावांचे बैल पहिल्या नंबरात बसले! पांढरी लई ग्वाड पळती. तुमी कुठंय? लवंगी कशी हाय?"

"हाय. चालती माझ्यासंगं."

"कुठं चाललाय?"

म्हस्कूनं पुढं बघितलं. माळ उतरून पायवाट दोन शेतांमधून पलीकडच्या गावाकडं जात होती. लवंगीनं त्याच्या खांद्याला तोंड घासलं आणि पाऊल उचललं.

"बघतो," तो म्हणाला. "दिस बुडायच्या आत येतो."